प्रोफेसरची मेलेली कोंबडी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भर दुपारी पडदे ओढलेले, मंचावर तांब्याच्या वेटोळ्यांचं कपाटाएवढं यंत्र आणि त्यामागे एक भलंमोठं चित्र: कपाळाला टाके, मानेत बोल्ट. हा राक्षस सगळ्यांच्या ओळखीचा. पोरांच्या मुखवट्यांवर, सिनेमांत, अगदी बिस्किटांच्या पुड्यावरही तो भेटतो.

"मुडद्यांचे तुकडे शिवून ज्या शास्त्रज्ञानं याला विजेनं उठवलं," प्रोफेसर गरजला, "त्याच्या वहीचं शेवटचं पान माझ्यापाशी आहे. मरण म्हणजे काय? लूज कनेक्शन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मिक्सर-पंखे दुरुस्त करतो, लूज कनेक्शन माझ्या रोजच्या पोटापाण्याचं. शिवाय तो शास्त्रज्ञ कादंबरीतला. विशीही न गाठलेल्या एका मुलीनं तो कल्पनेतून उभा केला. हे मी वहिनीला तीनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "भाऊजी, खोटा असता तर एवढी माणसं आली असती का?"

हसू येत होतं, पण मोकळेपणानं हसता येत नव्हतं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत माझा दादा बसला होता. अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. गोळ्यांमुळे शरीरात वीज अडते, असं प्रोफेसरनं वहिनीच्या मनात भरवलं होतं. एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेली रक्तदाबाची गोळी तिनं चार दिवस बंद ठेवली होती. आज प्रोफेसर आधी एक मेलेली कोंबडी उठवून दाखवणार होता आणि मग दादाची पाळी होती.

प्रोफेसरनं पांढरी कोंबडी आणली, पुटपुटत तिला कुशीवर निजवलं. "प्राण गेला." कोंबडी निपचित. त्यानं तिच्या पायाला वायरचा चिमटा लावला, खटका दाबला. निळी ठिणगी उडाली, कडकन आवाज झाला आणि कोंबडी फडफडत उठली. लोक उभेच राहिले. वहिनी रडायला लागली.

माझ्या शेजारी मावशी होती. कोंबड्या पाळण्यात आणि अंडी विकण्यात तिची हयात गेलेली. ती उठली ती थेट मंचावर. कोंबडी धरून तिनं कुशीवर टेकवली, डोकं हलकेच दाबलं, चोचीसमोर बोटानं दोन-चारदा रेघ ओढली आणि हात काढून घेतला. कोंबडी पुन्हा निपचित.

"घाबरली की अशी पडते. श्वास बघा तिचा," असं म्हणून मावशीनं टाळी वाजवली. कोंबडी उठून चालू लागली.

प्रोफेसर डगमगला नाही. या माउलीच्या अंगातही वीज आहे, असं त्यानं जाहीर केलं. मावशीनं पिशवीतून स्वयंपाकासाठी घेतलेली सोललेली कोंबडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"असेल बाबा. मग आता हिला उठव. सकाळीच मेली आहे."

सभागृह हसून लोटपोट झालं. फ्यूज आणतो म्हणून प्रोफेसर मागच्या दारानं गेला तो गेलाच. मी यंत्र उघडलं. आत ठिणगी पाडणारी एक कॉइल, बस्स. चिमट्याची वायर कॉइलपर्यंत पोचतच नव्हती; कोंबडी उठली ती नुसत्या आवाजानं. कादंबरीतला शास्त्रज्ञ आपण घडवलेल्या जिवाला टाकून पळाला होता. आमचा हा न घडवलेल्या जिवाला टाकून पळाला. ती कोंबडी आता मावशीकडे अंडी घालते.

वहिनी मान खाली घालून बसली होती. "चार दिवस," ती म्हणाली, "मीच यांना चार दिवस..." रागवायचं ठरवून आलो होतो, पण रागवता आलं नाही. तिला नवरा बरा व्हायला हवा होता, एवढंच. दादानं डावा हात तिच्यापुढे केला, तळवा वर. तिनं पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट तिनं रोज जवळ बाळगलं होतं. दादानं गोळी घेतली आणि आम्ही तिथून सरळ डॉक्टरांकडे गेलो.

चमत्कार बघायला जरूर जा. फक्त मेलेलं उठलं, तर ते आधी मेलं होतं का, एवढं विचारा. आणि घरातल्या आजारी माणसाची गोळी त्याला देऊन मग जा.