हेत्वीला विसरल्याची गोष्ट

आमच्या गावातल्या बायकांच्या दूध मंडळीच्या, म्हणजे दूध सोसायटीच्या, डाहीबा प्रमुख आहेत. बारा वर्षं झाली, निवडणुकीला दुसरं कुणी उभंच राहत नाही. त्या कुणावर ओरडत नाहीत. नुसत्या गोष्टी सांगतात. दुधाच्या रांगेत, फॅट मोजून होईपर्यंत, एकेकीची. वर्षाबेन पाल बघून बादली टाकून पळाली, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की चार म्हशींची धार काढणारी वर्षाबेन आता गोठ्यात एकटी शिरत नाही.

माझीही गोष्ट आहे. हेत्वी दहा महिन्यांची असताना मी तिला मंडळीत विसरले आणि दुधाची रिकामी बरणी तेवढी घरी नेली, अशी. खरं म्हणजे माझं मंडळीचं कार्ड घरी राहिलं होतं आणि डाहीबाच म्हणाल्या होत्या, "जा, घेऊन ये. पोरीला मी धरते." सात मिनिटं लागली असतील. गोष्टीत तास झालाय. सासूबाई हसतात, शनिवारी वापीहून येणारा नवरा हसतो. मीही हसत आले. कशाला वाढवा?

पण हेत्वी आता पाच वर्षांची आहे. हल्ली मी न्हाणीत गेले तरी दाराशी येऊन विचारते, "मम्मी, मी इथे आहे, माहीत आहे ना?"

परवा संध्याकाळी डाहीबांनी तिला ओट्यावर उभं केलं. "सांग बेटा, मम्मी काय विसरली होती?"

"मला!"

"आणि घरी काय नेलं?"

"बरणी!"

बायका हसून लोटपोट. मी म्हणाले, "डाहीबा, मी तिला तुमच्या मांडीवर ठेवून गेले होते. कार्ड आणायला तुम्हीच पाठवलंत." म्हणायचं होतं सहज, पण जरा जोरातच निघालं.

डाहीबांनी कपाळावर हात मारला. "घ्या! आणंदची बी.कॉम. सूनबाई! पोरगी विसरली ती विसरली, वर कुणाकडे दिली तेही विसरली!"

"बा, हे गोष्टीच्या शेवटाला जोडा हं," मागून रांगेतली रमीला म्हणाली, "मस्त आहे."

एकटी वर्षाबेन तेवढी हसली नाही. कार्ड घरी राहिलं त्या दिवशी ती माझ्या मागेच रांगेत होती, तिने सगळं पाहिलं होतं. मी तिच्याकडे बघितलं, तर ती बरणीचं झाकण पुसू लागली. कोरडंच होतं ते.

घरी जाताना वाटेत मी हेत्वीला नीट सांगितलं. कार्ड, सात मिनिटं, डाहीबांची मांडी. "तू रडलीसुद्धा नव्हतीस," मी म्हणाले.

"नाही मम्मी, तशी नाही ती गोष्ट," ती समजूत काढल्यासारखं बोलली. मग तिने पहिल्यापासून सांगितली, डाहीबांच्या आवाजात, कपाळावर हात मारून, नव्या शेवटासकट. हसायची जागा आली तशी ती थांबली.

मी हसले.