शेवटचा मुद्दा

पाळकांनी उपदेशाला विषय घेतला क्षमेचा, आणि नेमका त्याच रविवारी त्यांचा धाकटा भाऊ येऊन शेवटच्या बाकावर बसला. वडिलांच्या अंत्यविधीला हा पठ्ठ्या सगळं उरकल्यावर उगवला होता. तेव्हापासून दोघांत अबोला. आता पंचाईत अशी, की आमेन म्हटलं की पाळकांनी दाराशी उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवायचा, ही त्या चर्चची रीत. म्हणजे भावाशीही मिळवायचा.

मग आमेन म्हणायचंच कशाला?

"आता शेवटचा मुद्दा," पाळक म्हणाले. मंडळींनी पिशव्या, छत्र्या चाचपल्या. पण शेवटच्या मुद्द्याला पोटमुद्दा फुटला, पोटमुद्द्याला दाखला, दाखल्याला आणखी एक शेवटचा मुद्दा. ऑर्गनवाल्याने समारोपाचं गीत सुरू केलं, ते पाळकांनी हात करून थांबवलं. दुपार कलली. वेळ फुकट कशाला घालवा, म्हणून न्हाव्याने शेजाऱ्याची दाढी करायला घेतली. गायकवृंदातल्या दोघांचं लग्न जमलं, आणि विहिणींनी तिथंच, कुजबुजत, पहिलं भांडणही उरकून घेतलं. क्षमेवरचं बोलणं इतकं लांबलं, की पाळकांना क्षमा करणं मंडळींना जड जाऊ लागलं.

पहिल्या बाकावर पाळकीणबाई मघापासून डोळे वटारत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "अहो, आटपा आता! भावजी कधीचे बसलेत."

"म्हणूनच तर!" पाळकांच्या तोंडून निसटलं, आणि त्यासरशी घसाच बसला. पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. मंडळींनी संधी साधून एका सुरात आमेन ठोकलं. इतकं मनापासून ते त्या चर्चमध्ये कधीच कुणी म्हटलं नव्हतं.

पाळक दाराशी उभे राहिले. सगळे हात मिळवून गेले, कुणी हसत, कुणी गुळगुळीत दाढीने. शेवटी राहिला भाऊ. त्याचे केस पांढरे झाले होते. इतकी वर्षं जपलेला राग पाळकांना ऐन वेळी सापडेना. सापडली ती भीतीच: याने हात झिडकारला तर?

"दादा, मागे काही ऐकूच येत नव्हतं रे," भाऊ म्हणाला. "नुसते ओठ हलताना दिसत होते. काय सांगितलंस? थोडक्यात सांग."

पाळकांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. मग त्यांनी हात पुढे केला.

धाकट्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मग सकाळपासून काय सांगत होतास?"