मोडक्या शॉकअपचा नमुना

"हळू! हळू म्हणते ना मी!" बायको मागून ओरडली, पण तोवर चाक चरात गेलं होतं. खाण्णकन आवाज झाला आणि वरच्या ट्रेतली अंडी खालच्यांवर आदळली.

पाइप टाकायला गावाबाहेर रस्ता आडवा खणला होता. पाइप केव्हाच जमिनीत गेले, चर मात्र बुजवायला कुणी फिरकलं नाही. कोंबडीवाल्याची जुनी गाडी रोज तिथे कण्हायची. मागची सीट काढून त्याने अंड्यांचे ट्रे रचले होते, आणि त्यांना कवटाळून बायको तिथेच उकिडवी बसायची. बेकरीपर्यंत पोचेतो तिच्या पदराला पिवळे ओघळ लागलेले असायचे.

बेकरीवाल्याने त्या दिवशी ट्रे उचलून बघितला आणि परत खाली ठेवला.

"भाऊ, मी पाव करतो. तुमची फुटकी अंडी वेचत बसू का? शनिवारी असंच आलं तर मी दुसरा माणूस बघितलाय."

सगळा माल एकदम उचलणारं गिऱ्हाईक तेवढंच. ते तुटलं तर शेडमधल्या कोंबड्यांना खायला काय घालायचं, हा प्रश्न होता. घरी येताच त्याने गाडी जॅकवर चढवली आणि उजव्या बाजूचा मागचा शॉकअप काढला. खड्ड्याचा दणका गिळायचं त्याचं काम, पण त्यातलं तेल कधीच गळून गेलं होतं. नवा घ्यायची ऐपत नव्हती. त्याने तो पोत्यात घातला आणि बस पकडून भंगाराचं आवार गाठलं.

पंपाचा वायसर असो की फवाऱ्याची नळी, मोडकं घेऊन जायचं आणि हुबेहूब तसंच आणायचं, ही त्याची आयुष्यभराची रीत. हातात नमुना असला की आपल्याला फसवायची कुणाची टाप नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा.

भंगारवाल्याने गाडीचं नाव विचारलं, साल विचारलं, आणि पत्र्याखालून एक शॉकअप ओढून काढला. "हा घ्या. तुमच्याच गाडीचा. दाबून बघा, दम आहे अजून."

त्याने पोत्यातला नमुना शेजारी धरला. नमुना चार बोटं आखूड होता.

"हा कुठं माझा? डोळे आहेत का तुम्हाला?"

"अहो, तुमच्या गाडीला हाच येतो. लावून तर बघा."

"गाडी माझी आणि तुम्ही मला सांगणार? हा नमुना काय आभाळातून पडला?"

"मग तुमचा नमुनाच..."

पुढचं त्याने ऐकूनच घेतलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने तो लांब शॉकअप दाणकन एका जुन्या इंजिनावर आपटला आणि स्वतःच ढिगाऱ्यात शिरला. पत्रे तापून लाल व्हायचे बाकी होते. बोटं सोलली, सदरा फाटला, पाण्याची बाटली संपली. ऊन उतरताना एका चिमुकल्या गाडीच्या सांगाड्याखाली त्याला हवा तसा सापडला. तीच लांबी, तीच भोकं. जग जिंकल्यासारखा तो घरी आला.

सकाळी शॉकअप चढवला. बोल्टही कसे गपकन बसले! बायकोने एक ट्रे मांडीवर घेतला आणि दोघे चरापर्यंत गेले.

खाण्ण!

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. त्याला रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या. शेवटी शिव्या बाहेर पडल्या. भंगारवाला, चर खणणारे, गाडी बनवणारे, कुणालाच त्याने सोडलं नाही.

बायको पदर झटकत खाली उतरली आणि गाडीमागे वाकली. "ओरडणं झालं असेल तर जरा इकडं या. हा डावीकडचा एवढा लांब कसा?"

तो आडवा होऊन बघू लागला. डावीकडे धुळीने माखलेला, कारखान्यातून गाडीबरोबरच आलेला शॉकअप होता. उजवीकडच्यापेक्षा चार बोटं लांब.

"गाडी कुणाकडून घेतलीत?"

"तुला माहीत नाही? चुलतभावाकडून."

"आणि ते काय म्हणाले होते?"

"गाडीला कुणाचा हात लागलेला नाही," तो पुटपुटला. चुलतभावाने उजवीकडे छोट्या गाडीचा, या गाडीचा भार न पेलणारा शॉकअप ठोकून गाडी त्याच्या गळ्यात मारली होती. आणि त्याने दिवसभर उन्हात करपून तोच आजार पुन्हा शोधून आणला होता.

आता डाव्या बाजूचा नमुना पोत्यात घालून तो परत आवारात गेला. मान खाली होती.

भंगारवाल्याने कालचा शॉकअप पुढे केला. चकचकीत दांड्याला खोल खोच पडली होती आणि तेल ठिबकत होतं. "काल चांगला होता. तुम्ही इंजिनावर आपटलात."

"दुसरा नाही?" त्याने विचारलं.

भंगारवाल्याने त्याला पुरेसं ताटकळत ठेवलं. "त्याच गाडीचा दुसऱ्या बाजूचा आहे. मागचे दोन्ही सारखेच असतात. पण कालच्या मोडलेल्याचेही पैसे घेईन."

त्याने खिसा उलटा करून दोन्हींचे पैसे मोजले.

शनिवारी चर आला तेव्हा दोघांनी श्वास रोखले. गाडी खाली गेली, वर आली, आणि पुढे निघाली. बायकोने ट्रेवरचे हात सैल सोडले.

बेकरीवाल्याने एकेक ट्रे उचलून बघितला. मग खालचा ओढून बघितला. मग संशयाने दोघांकडे पाहिलं.

"खरं सांगा भाऊ. ही अंडी कुणाकडून आणलीत?"

कोंबडीवाल्याच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. बायकोला हसू आवरेना. त्याने एक भरलेला ट्रे उचलून बेकरीवाल्याच्या हातात दिला आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"चढा. खाली उकिडवं बसायचं. चरापर्यंत जाऊन येऊ."