भोंगा झाला की

माझी भाची सुनेत्रा चार वर्षांची, आणि भलतीच भित्री. कुणी नाव विचारलं की माझ्या पदराआड जायची. तिचे आईबाप दोघंही गिरणीत, म्हणून ती दिवसभर माझ्याजवळ, लालबागच्या माझ्या खानावळीत. एकदा उकळत्या आमटीचं पातेलं तिच्या अंगावर पडता पडता राहिलं. त्या दिवशी भावजय म्हणाली, "वन्सं, बालवाडीत रमली तर ठीक. नाहीतर शिमग्याला गावी आईकडे ठेवून येते."

मला मूलबाळ नाही. पोर गावी गेली तर मी घरी बोलायचं कुणाशी? खानावळीतल्या मेंबरांशी? ते नुसते ओरडतात, भात आण, आमटी आण.

बालवाडी आमच्या चाळीच्या व्यायामशाळेत भरायची. शिकवणाऱ्या सुमतीबाई फार मऊ बोलायच्या. मऊ बोलणाऱ्यांचा मला एरवी राग येतो, पण पोरांसाठी बरं असतं ते. पहिल्याच दिवशी सुनेत्रानं मल्लखांबाला मिठी मारली ती सोडेना.

"कधी येशील?" तिनं मला हळूच विचारलं.

तिला घड्याळ कळत नव्हतं आणि माझ्याकडे ते नव्हतंच. आमच्याकडे उठायचं गिरणीच्या भोंग्यावर, जेवायचं भोंग्यावर. मी म्हटलं, "दुपारचा भोंगा झाला की आत्या दारात. शब्द दिला."

आणि पाळलाही. भोंगा झाला की हातातला आमटीचा डाव टाकून मी धावायची. मेंबर बोंबलत बसायचे, बसू देत. सुनेत्रा मल्लखांबाशी बसलेली असायची. रडायची नाही, पण कुणाशी अवाक्षर बोलायचीही नाही. "अजून तोंड उघडलं नाही हो," सुमतीबाई रोज सांगायच्या. तिकडे भावजयीनं गाठोड्याची तयारी चालवली होती.

मग हरताळ झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळ्या गिरण्या बंद. भाऊ-भावजय सकाळीच मोर्च्याला गेले. बायकांना जाता यावं म्हणून सुमतीबाईंनी बालवाडी मुद्दाम चालू ठेवली होती. माझ्याकडे तर नुसती झुंबड. पंगतीवर पंगत उठत होती आणि मी आपली निवांत भाकऱ्या थापून वाढत होते, भोंगा व्हायचाय म्हणून.

"मावशी, चेडवाक आणूक जावचा नाय आज?" पंगतीतल्या राजारामनं ताक पीत पोरीबद्दल विचारलं.

"भोंगा कुठे झालाय अजून?"

सगळी पंगत हसली. "गिरण्यो बंद. भोंगो कोण वाजवतलो?"

माझ्या हातातली परात खाली पडली. मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. सगळी मुलं कधीच गेली असणार, पोर रडून रडून निळी झाली असणार, आता ती इथे पुन्हा पाय ठेवत नाही, म्हणजे गावी जाणार. आणि माझ्यामुळे. स्वतःला शिव्या देत मी व्यायामशाळेत शिरले.

आत सुमतीबाई आणि सुनेत्रा, दोघीच. पोर मल्लखांबाला टेकून शांत बसली होती.

"मी म्हटलं, आत्याला आज उशीर झाला वाटतं," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तर पहिल्यांदा बोलली. म्हणाली, 'उशीर नाही झाला. भोंगाच झाला नाही अजून.'"

मला हुंदका आला. "चल गो बाये, घरी चल."

सुनेत्रा हलली नाही. "भोंगा?"

आता हिला हरताळ कसा समजवायचा? मी दारात उभी राहिले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि काढला आवाज. "भोंऽऽ." रडवेल्या गळ्यातून तो निघाला म्हशीसारखा.

सुनेत्रा उठून माझ्याजवळ आली. "असा नसतो, आत्या." तिनं छाती भरून श्वास घेतला आणि अशी काही ओरडली की व्यायामशाळेचे पत्रे घुमले. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली. गिरण्या सुरू झाल्या की काय, असं कुणीतरी खाली विचारलंसुद्धा.

मग तिनं माझं पिठाचं बोट धरलं. दारातून वळून सुमतीबाईंना म्हणाली, "उद्या गिरणीचा झाला नाही, तर मी वाजवीन."