भोकाला दोनशे

"खिळ्यांची भोकं अकरा. भोकाला दोनशे," देवदत्तकाका भिंतीला नाक लावून म्हणाले.

"त्यातली सात तुमचीच आहेत, काका. मी राहायला आले तेव्हापासूनची," मालन म्हणाली.

नाहूरची काकांची ही भाड्याची खोली ती आज सोडत होती. सामान खाली टेम्पोत चढलं होतं. मुलुंडचा नवा घरमालक पन्नास हजार डिपॉझिट मिळाल्याशिवाय चावी देणार नव्हता, आणि तिचे पन्नास हजार तीन वर्षं काकांकडे अडकलेले. काका विमा कंपनीतून रिटायर झालेले. लोकांचे क्लेम कापण्यात हयात गेली. त्यांनी वहीत पुढे लिहिलं, 'फरशीची झीज'.

"फरशीवर चालू नको तर काय उडू?"

"डिपॉझिट म्हणजे भरवसा, मालन. भाडेकरूंचा काय नेम!" म्हणत काका बाथरूम तपासायला शिरले. कडी चालते का बघायला त्यांनी दार आतून लावलं. कडी लागली झकास. मग निघेना. खटखट झाली, आणि कडीचा दांडा काकांच्या हातात आला.

"मालन! अगं, कडी तुटली!"

"तीन वर्षं सांगतेय, बदला. तुम्ही म्हणायचात, बाथरूममध्ये चोर कशाला येतोय."

"अगं, सुताराला बोलव!"

"त्याचे पैसे कशात लिहू? भोकांत की फरशीत?"

खालून टेम्पोवाला प्रितम ओरडला, "ताई, चला ना! वेटिंग लागेल हां!"

आवाज ऐकून शेजारच्या नलिनीकाकी आल्या. प्रकार कळल्यावर त्यांना हसू आवरेना. "उघडू नको गो! फोन आसा ना त्यांच्याकडे? आधी पैशे पाठवूक सांग. आता काकाच तुझा डिपॉझिट!"

आतून बारीक आवाज आला, "मालन... किती वेळ ठेवणार आहेस?"

मालनने दार खालून गुडघ्याने उचललं, वर एक बुक्की घातली. कडी निसटली, दार उघडलं.

"मी डिपॉझिट घेत नाही, काका," ती म्हणाली.

काका घामाने भिजले होते. त्यांनी चष्मा पुसला, फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं. मालनचा फोन वाजला. पन्नास हजार, पूर्ण.

तिने कमरेची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि पिशवी उचलली. बाहेर आल्यावर कुलपासाठी तिचा हात सवयीने कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. तिने दार नुसतं लोटून घेतलं.