टेबलफॅनला बांधलेला पट्टा

मी सुमंगला. देवासला एकटी राहते, आणि कुणी उठसूट "जपून हं" म्हटलेलं मला खपत नाही. माझा अंकित इंदूरला असतो. त्याने मला न विचारताच मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवला. म्हातारं माणूस पडलं, हालचाल थांबली, की पट्टा त्याच्या मोबाइलवर बोंब मारणार. एक माझ्या हातात घातला, दुसरा धारला माझ्या थोरल्या भावाच्या, बापूदादाच्या हातात. तोही एकटाच. पुढे शंभर घरांत द्यायचा बेत होता. "आई, जिममध्ये घालून बघितलाय. सगळ्या दोस्तांनी वापरलाय."

दोस्तांनी! त्यातला एक तरी सोवळ्यात पूजा करतो का?

आमच्याकडे आंघोळ झाली की सोवळं. नैवेद्य होईपर्यंत ओवळ्या वस्तूला हात लावायचा नाही. दिवसभर घातलेला रबरी पट्टा कसा चालेल? मी तो न्हाणीघरात जाण्याआधीच काढून ठेवायची. की लगेच अंकितचा फोन. सोवळ्यात फोन तरी कसा घेणार? मग तो शेजारच्या मोनाला पिटाळायचा, ती बिचारी दार बडवायची. जीव नकोसा केला मेल्याने!

तोड काढली बापूदादाने. फोनवर हसत म्हणाला, "सुमे, पट्टा टेबलफॅनच्या मानेला बांध. तो मान फिरवतो, अंकितला वाटतं आपण घरभर फिरतोय!" मी पोट धरून हसले. पोराने हौसेने केलंय, त्याला नाही कसं म्हणायचं? मग दोघांचंही रोज पूजा होईपर्यंत तेच सुरू झालं.

त्या दिवशी न्हाणीघरात माझा पाय सटकला. खुब्यात अशी कळ गेली की तोंडातून आवाज फुटेना. बाहेर पंखा आपला घरघरतोय, आणि अंकितच्या मोबाइलवर हिरवा दिवा, 'आई फिरत आहे'. ओल्या फरशीवर कुडकुडत मी त्याला, त्याच्या पट्ट्याला, त्या पंख्याला शिव्या घातल्या. लोटा दारावर आपटत राहिले, तेव्हा कुठे मोनाला ऐकू गेलं.

दुपारी अंकित दवाखान्यात पोचला. चेहरा पांढराफटक. "आई, पट्टा बिघडला कसा गं?"

"बिघडला नाही रे बाबा. पंख्याला बांधलाय. सोवळ्यात चालत नाही तो."

तो म्हणाला, "अगं, मला सांगायचं ना!"

"तू विचारायचं ना! बनवायच्या आधी एकदा तरी विचारलंस, आई, तुझी सकाळ कशी जाते म्हणून?"

मला बरं वाटावं म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. "मामा तरी ठीक आहे बघ. सकाळपासून फिरतोय."

"सकाळपासून?" मी विचारलं. दादाचे गुडघे कधीचे गेलेत. ओसरीपर्यंत जायचं तरी वाटेत बसावं लागतं त्याला. "अरे देवा! अंकित, ती पंख्याची युक्ती त्याचीच आहे. फोन लाव त्याला, आत्ता!"

दादाने फोन उचलला नाही. मग त्याच्या शेजारच्या भास्करला लावला. तो बोलत बोलतच मागच्या दाराने आत शिरला. फोनवर पंख्याची घरघर ऐकू आली. मग भास्कर म्हणाला, "भिया, काका देवघर में पड़े हैं. उठ नी रिये. हाथ एकदम ठंडा है."

अंकित मोबाइलकडे बघतच राहिला. दिवा हिरवाच होता. 'मामा फिरत आहे'.

मी किंचाळले, "अरे, त्याला तो पंखा बंद करायला सांग रे!"

सकाळीच कुणी पोचलं असतं तर दादा वाचला असता, असं धारचे डॉक्टर म्हणाले.

दादाचा तेरावा झाल्यावर अंकित माझ्या खाटेशी येऊन बसला. "आई, मी काहीच ठरवून आलो नाही. तूच सांग."

मी सांगितलं. हाताला काही नको. न्हाणीघरात एक दोरी लाव, जमिनीला टेकेल अशी, पडलेल्या माणसाचा हात पोचला पाहिजे. ओढली की तुझ्याकडे घंटा वाजू दे. देवघरातही तशीच लाव. सुती असू दे, म्हणजे रोज धुता येईल आणि सोवळ्यातही ओढता येईल. तो मान हलवत ऐकत होता. एकदाही मध्ये बोलला नाही.

मग हळूच म्हणाला, "मामाला ती देवघरात कुठे सोयीची पडली असती गं?"

"ते त्यालाच विचारायला हवं होतं रे," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.