पाण्यावरची जकात

मी जकात नाक्यावरचा तराजू बोलतोय. लोक मला काटा म्हणतात. पारोळा आणि धुळे यांच्यामधल्या एका लहानशा शहराच्या वेशीवर मी अडतीस वर्षं लटकलो. शहराचं नाव मात्र विचारू नका. ज्याचं मीठ खाल्लं त्याची चुगली करणं मला जमणार नाही.

माझी दांडी जळगावच्या झुलाल लोहाराने १९०९ साली घडवली. मग सरकारी माणसाने तिच्यावर छाप मारला आणि मी एकदम मोठा झालो. काय सांगू त्या छापाची ताकद! मिशांना पीळ देणारे गडी माझ्यापुढे श्वास रोखून उभे राहत. मला स्वतःचाच धाक वाटायचा.

शहरात येणाऱ्या मालावर वजनाप्रमाणे जकात. पाटी, पोतं, झाकण, सगळं धरून तोलायचं. शेठ हस्तीमलच्या गाड्या चिठ्ठी दाखवून पुढे जात. त्यांचा हिशेब महिन्याकाठी व्हायचा. डोक्यावर पाटी असली की मात्र उतरावं लागे. माल न विकता त्याच दिवशी परत नेला तर जकात परत मिळायची, पण वजन सकाळइतकंच भरलं पाहिजे. कमी भरलं तर पैसे जप्त. कारकून सुकदेव हा नियम पाठ म्हणून दाखवायचा. वाईट नव्हता बिचारा, नियमाला भ्यायचा. मीही भ्यायचो.

झुंबरबाई पारोळ्याकडून विड्याची पानं घेऊन यायची. नवरा गेल्यावर तिने हा धंदा उभा केला होता. शंभर पानांची एक कवळी, अशा कवळ्या पाटीत रचायच्या, वर ओलं गोणपाट. नाक्याअलीकडच्या विहिरीवर ती गोणपाट पुन्हा चिंब भिजवायची आणि तशीच निथळती पाटी माझ्यावर ठेवायची. सगळेच पानवाले असं करत. पानं टवटवीत दिसावीत एवढाच विचार. विहिरीचं पाणीही आपण तोलायला नेतोय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि तोलणारा मीच!

१९३० सालच्या वैशाखात एका बाजारच्या दिवशी ती आली. पाटी भरली साडेअकरा शेर. जकात भरून ती आत गेली आणि पाहते तर बाजार बंद. पुढाऱ्यांना पकडल्याच्या बातमीने कडकडीत हरताळ पडला होता. दिवसभर एका बंद दुकानाच्या फळीखाली ती पाटी राखत बसली. खानदेशातलं ऊन तुम्हाला सांगायला नको.

दिवस कलता कलता ती नाक्यावर परत आली. सकाळी भरलेले जकातीचे पैसेच उद्याच्या पानांचं भांडवल होते. पाटी भरली साडेदहा शेर.

सुकदेव म्हणाला, "एक शेर कमी, बाई. माल विकलात तुम्ही."

नाक्यावर दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. हरताळात चोरून माल विकला! पैसे तर गेलेच, आता नावही चाललं होतं.

"भाऊ, मी एक बी पान ईकं नही. बठ्ठा माल तसाच शे. मोजी ल्या!"

"मोजणं नियमात नाही. काट्यावर जे भरेल ते खरं."

मला लाज वाटली. मी खोटं बोललो नव्हतो. सकाळीही खरं, आताही खरं. तरी माझ्या दोन खऱ्यांमध्ये ती बाई सापडली होती.

झुंबरबाईने कोरड्या गोणपाटावरून हात फिरवला. मग नाक्यावरच्या माठातून तिने तांब्या भरला, पाटी माझ्यावर तशीच राहू दिली आणि हळूहळू गोणपाटावर पाणी ओतू लागली. गोणपाट पाणी पिऊ लागलं. माझी दांडी हलली, सरकली आणि साडेअकरा शेरांपाशी स्थिर झाली.

एवढी मोठी सरकारी व्यवस्था, माझ्यावरचा तो छाप, आणि एका तांब्याने दोघांनाही हरवलं! झुंबरबाईपुढे मी थक्क होऊन लोंबकळत होतो.

"सकायले तुम्ही पानीनी बी जकात लिन्ही ना, भाऊ? ते पानी उनमां उडी गयं. आते मी ते परत देस, तोली ल्या."

सुकदेवने मान खाली घालून पैसे मोजले. पुढच्या बाजारी त्याने स्वतःच्या हाताने गोणपाट काढून कुंपणावर टाकलं, पाटी तोलली आणि मग पुन्हा झाकली. सगळ्याच पानवाल्यांचं तो असं करू लागला. चार महिन्यांत त्याची बदली झाली. नव्या कारकुनाने पहिल्याच दिवशी गोणपाटासकट तोललं. झुंबरबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पैसे टाकले. पुढे अकरा वर्षं ती पाण्याचीही जकात भरत राहिली. मग ती यायची थांबली.

आता सत्तेचाळीस साल आहे. मी नाक्यामागच्या खोलीत गंजत पडलोय. नवं राज्य आलंय म्हणे, नवे काटे येतील. कर घ्यावा लागेल, ते मला कळतं. रस्ते आणि दिवे फुकट होत नाहीत. पण तोलायला बसणाऱ्या बाबांनो, पाटी वर चढवण्याआधी तिच्या धन्याला एवढं विचारा: यात तुझं किती, आणि विहिरीचं किती?